गंगारामभाऊ आणि सहावा नट

मुलांनो,

त्या गुरुवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझ्यामागे जमिनीवर बसलेले ते आजोबा चाकाशी का बोलतायत?" मी उत्तर देणार तेवढ्यात रेंज गेली. तुमचा बाबा त्याच्या पद्धतीने काही सांगेल, त्याआधी मीच सगळं क्रमाने लिहून पाठवते.

ते गंगारामभाऊ. आणि ते चाकाशी नाही, चाकाच्या नटाशी बोलत होते.

गंगारामभाऊ वरच्या वाडीत राहतात. उभं आयुष्य मुंबईत ट्रकच्या गॅरेजात गेलं. बायको गेल्यावर गावी परतले. मुलं तिकडेच आहेत. इकडे महाडपासून पोलादपूरपर्यंत कुणाचा गंजलेला नट निघेना झाला की त्यांना निरोप जातो. कशेडी घाटात अडकलेल्या ट्रकवाल्यांनाही त्यांचं नाव ठाऊक आहे. पण ते आल्या आल्या हत्याराला हात लावत नाहीत. नटासमोर मांडी घालतात आणि विचारपूस करतात. "काय रे, किती वर्सं बसलास? पानी प्यायलास वाटतं. आनि हे कान कुनी मोडलं तुजं?"

मी एकदा विचारलं, "अहो, नटाला काय कळतं?"

"त्याला नाय वो कळत, बाई. बोलत बसलं की माजा हात दमानं चालतो. जबरदस्ती केली का नट गोल होतो. नट दोनच परकारचं. रुसलेला आनि मेलेला. मेलेला मी अजून बगितला नाय."

आता ट्रॅक्टरचं. तो म्हणजे तुमच्या आजोबांनी मला न विचारता आणलेली घरातली एकमेव वस्तू. पुरात दोन दिवस पाण्यात उभा होता, तेव्हापासून पडवीशेजारच्या शेडमधून हलला नाही. डावं पुढचं चाक पार जमिनीला टेकलं होतं. तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, त्यात आता सापच राहतात. रविवारी सकाळी भंगारवाला पाठवतो." मी म्हटलं, त्याआधी तो स्वतःच्या चाकांवर अंगणात आला तर राहील. "बरं," तो म्हणाला. लहानपणी "अभ्यास झाला" म्हणायचा, त्याच सुरात.

नवा टायर मी आणून ठेवला. पण जुनं चाकच निघेना. महाडहून आलेल्या मेकॅनिकने पान्याला लांब पाइप लावून जोर केला आणि सहाही नट स्लिप होऊन गोटीसारखे गोल झाले. तो गॅसने कापायचं म्हणाला. मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं आणि गंगारामभाऊंना बोलावलं.

सोमवारी त्यांनी नटावर ब्लेड फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, ह्यो हिरवा कंचा?"

"शाळेच्या फाटकाचा उरला होता."

"आनि ह्यो निळा?"

"खिडक्यांचा."

त्याचं असं, की दर खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, त्याच्या आदल्या दिवशी मी ट्रॅक्टरला रंगाचा हात मारून घ्यायची. नटांसकट. स्वच्छ, टापटीप. कितीतरी वर्षं हे नेमाने चाललं. पाना नटाला लागतच नव्हता, रंगाला लागत होता.

"साड्या नेसवल्यात त्याला तुमी. एकावर एक," गंगारामभाऊ म्हणाले. "मंग आत कसा हाय ते कसं समजायचं?" बत्तीस वर्षं शाळेत मुलांना वळण लावल्यावर हे ऐकून घेणं सोपं नव्हतं.

मी वेळापत्रक करून शेडच्या दाराला चिकटवलं. तीन दिवस, रोज दोन नट. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, "आमाला समजलं. आता ह्यांना वाचून दावा."

सोमवार रंग खरवडण्यात गेला. मग डिझेल सोडणं, बारीक हातोडीने टकटक, कानशीने गोल नटाच्या दोन बाजू सपाट करणं. त्यावर पाना बसवून ते नट आधी किंचित आवळायचे आणि मगच सोडवायचे. मंगळवारी दोन निघाले. बुधवारी तीन. प्रत्येक नट ते तळहातावर घेऊन बघायचे आणि चार वाजता माझ्याबरोबर पडवीत चहा प्यायचे.

सहावा मात्र अडला. गुरुवारचा सगळा दिवस ते त्याच्यापुढे बसून होते. मी जवळच वाल सोलत होते. त्या दिवशी नटाला त्यांनी बरंच सांगितलं. भात एकदाच रांधून दोन वेळा खातो. सून चांगली हाय, पन फोनवर काय बोलायचं तिला सुचत नाय, मला बी सुचत नाय. ही होती तवा सांजचं भांडन तरी व्हायचं.

नटाला ऐकू जायला इतकं मोठ्याने बोलायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी ते यायच्या आधी मी शेडमध्ये गेले. रविवार जवळ आला होता, म्हणून उगाच त्या नटाला हात लावून पाहिला. तो बोटांनी फिरला. आटे स्वच्छ, तेल लावलेले. कधीच सुटला होता तो.

मी पाना उचलला, त्या दोन सपाट बाजूंवर बसवला आणि अंगात होता तेवढा जोर लावून नट पुन्हा घट्ट केला.

गंगारामभाऊ आले. मांडी घातली. नटाला बोट लावलं. पुन्हा लावलं.

"बाई, ह्यो तर परत बसला."

"हवा दमट आहे," मी वाल सोलता सोलता म्हटलं.

त्यांनी पान्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. तळव्याला गंज लागला होता, तो पुसायचा राहिला होता.

"असंल," ते म्हणाले. "मंग आज काय ह्यो निघत नाय."

"नाही निघाला तरी चालेल. उद्याचा दिवस आहे."

त्या दिवशी ते नटाशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशीच बोलले, आणि चारच्या चहाला मी वालाची उसळ आणि भाकरीही वाढली.

शनिवारी दुपारी त्यांनी तो नट एका मिनिटात काढला. नवा टायर चढला. शेजारच्या चौघांनी ढकलून ट्रॅक्टर अंगणात आणला. रविवारी भंगारवाला आला, आजूबाजूने फिरला आणि तुमच्या बाबाला फोन लावून म्हणाला, "साहेब, हा तर उभा हाय."

तर सध्या असं आहे. ट्रॅक्टर अंगणात आहे. गंगारामभाऊ चारला येतात. उजव्या चाकाचे सहा नट रंगाखाली तसेच गंजलेले आहेत, आणि त्यांना मी अजून तेलाचा थेंबही लावू दिलेला नाही.