बसलेला लाभार्थी

भीमाशंकर आप्पांना आडवं कसं पाडायचं, हा प्रश्न घरात सकाळपासून पेटला होता.

आप्पांचं किल्लारीत किराणा दुकान. हाडांत कॅन्सर उतरला तेव्हा मोठ्या दवाखान्याने "आता घरीच सांभाळा" म्हणून हात वर केले, आणि पुढचा महिनाभर आप्पा असे ओरडले की शेजारच्या कमलम्मांनी पोथी वाचायची सोडून दिली. मग सरकारची घरपोच सेवा सुरू झाली. तिचं नाव उपशामक असं काहीतरी होतं, पण ते कुणाच्या जिभेवर रुळेना, म्हणून गल्लीने तिला 'सिस्टरची गाडी' करून टाकलं. महामाया सिस्टर दर आठवड्याला जीपने यायच्या. दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या, पाठीच्या जखमा पुसायच्या, हवेच्या गादीचा पंप बघायच्या, आणि जाताना आप्पांच्या शिव्या ऐकून हसायच्या. कॅन्सर होता तिथेच होता, पण दुखणं मात्र हटलं. आप्पा उठून बसू लागले. सकाळी इष्टलिंगाची पूजा करू लागले, आणि पूजा झाली की ओट्यावर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला "कुटं जालालाव?" असं विचारू लागले.

इथेच घोळ झाला. सेवा होती अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. कागदावर ज्यांचं आतापर्यंत आटोपायला हवं होतं, ते ओट्यावर बसून चौकशा करतात म्हणजे काय? वरून हुकूम सुटला की घरोघरी जाऊन बघा, आणि जो बसलेला दिसेल त्याचं नाव काढा.

"आप्पांना आजच्या दिवस झोपवा," सिस्टरने फोनवर सांगितलं. "साहेब लातूरहून निघालेत. बसलेले दिसले तर गोळ्या, गादी, माझं येणं, सगळंच बंद."

आप्पांचा मुलगा मृत्युंजय हा निरोप घेऊन आत आला. आप्पा भडकले.

"गोळ्यांनी बसाय लागलो. बसाय लागलो मनून गोळ्या बंद. गोळ्या बंद झाल्या की आडवा पडणार, अन् आडवा पडलो की गोळ्या चालू. सरकार हाय का रहाट हाय?"

"आप्पा, एक तासाचा तर सवाल हाय."

"मी उभ्या जल्मात तागडी वाकडी धरली न्हाई. आता लबाडीनं आडवा पडू?"

तेवढ्यात आप्पांच्या पत्नी महादेवी अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातातला उलथना तसाच होता.

"लबाडी मनू नगा, काय मनायचं ते मना," त्या म्हणाल्या. "तो महिना मी बगितलाय. तुमी भिंतीवर डोकं आपटून घेत हुताव, अन् मी देवाला मनत हुते की सोडव यांना. पुन्ना तसलं मागणं मागायची ताकद न्हाई माज्यात."

आप्पा हळूच म्हणाले, "पर आदी पूजा. अन् कन्हायचं कसं ते दावा."

कण्हण्याची तालीम सुरू झाली. दुखत नसताना कण्हणं आप्पांना जमेना. पहिलं कण्हणं उधारीवाल्याला हाक मारल्यासारखं आलं, दुसऱ्यात खोकला आला. "जरा पोटातून," मृत्युंजय म्हणाला. आप्पांनी पोटात हवा भरून घेतली आणि "मेलोऽऽ गं अव्वाऽऽ" असा टाहो फोडला की ओट्याखालची शेळी दावं तोडून पळाली.

"झकास! साहेब आल्यावर आस्संच," मृत्युंजय म्हणाला आणि साहेबांना आणायला मोटरसायकल काढून स्टँडकडे गेला. अव्वा पाहुण्यांसाठी चुरमुऱ्यांच्या सुशीलाला फोडणी घालायला आत वळल्या. तपासणीला आला तरी पाहुणा तो पाहुणाच. आप्पांनी अंगावर पाणी घेतलं, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून डोळे मिटले. भूकंप झाला तरी आप्पा पूजेत डोळे उघडायचे नाहीत की बोलायचे नाहीत. किल्लारीत हे कुणी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

इकडे तो टाहो कमलम्मांनी ऐकला होता. त्या धावत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. विभूती लावून, तळहातावर लिंग देऊन, हार घालून बसवतात, आणि बसवूनच नेतात. कमलम्मांच्या समोर आप्पा विभूती लावून, तळहातावर लिंग घेऊन, डोळे मिटून बसले होते. आता राहिला होता फक्त हार.

"अय्यो शिवाऽऽ! इतक्यात बसविलाव बी?" कमलम्मांनी गळा काढला.

त्यानंतर गल्लीने जी तत्परता दाखवली, ती कुठल्या योजनेत दिसणार नाही. दुकानांची शटरं खाली आली. एकजण स्वामींना घेऊन आला, दुसऱ्याने झेंडूचा हार आणून आप्पांच्या गळ्यात घातला, तिसऱ्याने आप्पांची उधारी बुडवली होती म्हणून तो सगळ्यांत मोठ्याने रडला. "कसं तेज हाय बगा तोंडावर," असं सगळेच म्हणत होते. आप्पांना सगळं ऐकू येत होतं. उधारीवाल्याचा हुंदका ऐकून त्यांच्या मिशा जरा हलल्या, पण नियम तो नियम. अव्वांचा मात्र आत मिक्सर चालू होता.

अशात मृत्युंजय मोटरसायकलवर शेषेराव साहेबांना घेऊन पोचला. दारातली गर्दी आणि स्वामी बघितले आणि बिचाऱ्याच्या हातातली गाडी कलंडली.

"आत्ता तर कन्हत हुते!" तो ओरडला आणि तिथेच मातीत बसून लेकरासारखा रडू लागला.

शेषेराव साहेब मनाचे वाईट नव्हते. त्यांनी बूट काढले, आत जाऊन हात जोडले, जरा वेळ मान खाली घातली. मग मोबाईल काढला. त्यावर लाभार्थ्याच्या नावापुढे तीनच खाने होते : खिळलेला, बरा, मयत. फोटो मात्र तिन्हींना लागायचा. साहेब फोटोसाठी दोन पावलं पुढे सरकून वाकले.

नेमकी तेव्हाच पूजा संपली. आप्पांनी डोळे उघडले.

"शरणु शरणार्थी साहेब. च्या घ्या."

साहेब जे मागे उडाले, ते उंबरा चुकून थेट ओट्यावर पाठीवर आपटले. बायका किंचाळल्या. स्वामी चप्पल न घालता चौकापर्यंत गेले. अव्वा सुशीलाची ताटली घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं : नवऱ्याच्या गळ्यात हार, मुलगा मातीत, आणि पाहुणा ओट्यावर आडवा.

"आई गंऽऽ, कंबर गेलीऽऽ!" साहेब कण्हत होते. तालमीशिवाय, आणि थेट पोटातून.

चौघांनी उचलून त्यांना आप्पांच्या हवेच्या गादीवर घातलं. आप्पा शेजारी खुर्ची घेऊन बसले. तशाही अवस्थेत साहेबांना हुकूम आठवला.

"पण तुम्ही तर बसलेले आहात! मग तुमचं नाव काढावं लागतं."

"साहेब," आप्पा म्हणाले, "आमच्यात मेलेला माणूसबी बसतो. बसण्यावरनं तुमी काय वळकणार?"

तेवढ्यात महामाया सिस्टरची जीप आली. त्यांनी साहेबांची कंबर तपासली, मोडलं काही नव्हतं. एक इंजेक्शन दिलं, गरम पाण्याची पिशवी लावली. गादी खालून हळूहळू फुगत होती, ओसरत होती. अर्ध्या तासाने साहेबांच्या तोंडावरचा पीळ सुटला आणि ते अंदाज घेत घेत उठून बसले. अव्वांनी सुशीलाची ताटली त्यांच्या हातात दिली.

"सिस्टर," आप्पा म्हणाले, "साहेब बसले बगा. यांचं औषध बंद करा."

"अहो नको!" साहेब घाबरून म्हणाले. "चार दिवसांच्या गोळ्या तरी द्या. इंजेक्शन आहे म्हणून तर बसलोय मी. ते उतरलं की..."

वाक्य तिथेच राहिलं. दाराबाहेर शेळी परत येऊन पायपुसणं चघळत होती.

साहेबांनी मोबाईल उचलला. 'बरा' वर बोट नेलं, मागे घेतलं. मग आजूबाजूला बघून खालच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, तेवढं फोटोपुरतं आडवं व्हाल का?"

आप्पांनी अव्वांकडे बघितलं. अव्वांनी उलथना उगारावा तशी मान उडवली. आप्पा गादीवर आडवे झाले.

"कन्हू का?"

"नको. फोटोत आवाज येत नाही."

'खिळलेला' वर बोट टेकलं. गोळ्या चालू, गादी चालू, सिस्टरची गाडी चालू. आत्तापर्यंत कोरड्या डोळ्यांनी सगळं बघणाऱ्या अव्वा आता मात्र रडल्या, आणि रडत रडतच त्यांनी साहेबांच्या ताटलीत आणखी सुशीला वाढला.

कंबर धरून जीपमध्ये चढताना साहेब म्हणाले, "तीन महिन्यांनी फेरतपासणी असते आप्पा. पुन्हा यावं लागेल मला."

"या की," ओट्यावरच्या खुर्चीत बसत आप्पा म्हणाले. "तवाबी मी बसलेलाच असंन."

साहेब मोकळेपणाने हसले. हसता हसता त्यांचं लक्ष आप्पांच्या गळ्यातल्या झेंडूच्या हाराकडे गेलं आणि हसू अर्ध्यावर थांबलं. महामाया सिस्टर औषधांच्या पेटीत काहीतरी शोधू लागल्या.

अव्वा पुढे झाल्या आणि त्यांनी तो हार आप्पांच्या गळ्यातून ओढून काढला.

"कवापासनं घालून बसलाव हे," त्या म्हणाल्या आणि हार शेळीपुढे टाकला.