आरशाची फिल्म आणि श्रीरामपूरचे पाहुणे

शेवगावात एप्रिलच्या दुपारी घरात बसवत नाही म्हणून रडणाऱ्या लोकांना डोकं चालवायचा कंटाळा असतो, असं माझं स्पष्ट मत होतं. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. प्रकाशाचं परावर्तन हा धडा एकोणीस वर्षं शिकवतोय! तेव्हा पश्चिमेच्या उन्हानं आमचा हॉल भट्टीसारखा तापायला लागला, तसा मी सरळ नगरला गेलो आणि खिडकीला चिकटवायची आरशासारखी फिल्म घेऊन आलो.

"लावायला माणूस बोलवा," आराधना, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"माणूसच लावतोय!" मी म्हणालो.

साबणाचं पाणी फवारलं, फिल्म टेकवली आणि फूटपट्टीनं पाणी बाहेर लोटत गेलो. पहिल्या काचेवर इतके बुडबुडे आले की तिला कांजिण्या झाल्यासारखं दिसायला लागलं. दुसरी जरा बरी. तिसरी मात्र अशी बसली की मला स्वतःचाच सत्कार करावासा वाटला. घर गार झालंच, पण खरी गंमत वेगळीच होती. आतून रस्ता लख्ख दिसायचा आणि बाहेरून नुसता आरसा!

"आता आपण सगळ्यांना बघायचं, आपल्याला मात्र कुणी नाही!" मी जाहीर केलं.

आमची खिडकी अगदी रस्त्याला लागून. दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली तिथं नटायला लागली. समोरच्या गोजरबाईंनी नवी कवळी बसवलेली. त्या येता-जाता आमच्या काचेसमोर वाघिणीसारखा जबडा उघडायच्या. आमचे मुख्याध्यापक तर गाडी थांबवून डोक्यावरचे सात केस डावीकडून उजवीकडे बदली करून ठेवायचे! आम्ही आत चहा पीत बसायचो. तीन दिवस टीव्ही लावला नाही.

रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, मोनिकाला, बघायला श्रीरामपूरचे पाहुणे येणार होते. मोनिका दवाखान्यात नर्स आहे. याआधी दोन स्थळं येऊन गेली होती आणि ती वैतागली होती.

"दादा, ते मला डोक्यापासून नखापर्यंत बघतात. मी मात्र ट्रेकडेच बघायचं! मला कधी दिसणार माणसं?"

"यावेळी दिसतील," मी मिशीतल्या मिशीत हसलो.

पाच वाजता गाडी आली. मुलगा जस्टिन, त्याची आई पुष्पावतीबाई आणि वडील. बेल वाजवायच्या आधी तिघंही नेमके खिडकीशी आले! आत आम्ही तिघं वीतभर अंतरावर श्वास रोखून उभे. खिडकी बोटभर उघडी होती, त्यामुळे बोलणंही ऐकू येत होतं.

वडिलांनी पोट आत ओढलं, चार सेकंद धरलं आणि सोडून दिलं. पुष्पावतीबाईंनी पदर सारखा केला, एक कडक चेहरा करून बघितला, मग एक मायाळू, आणि शेवटी कडकच कायम ठेवला.

"पहिल्या झटक्यात हो म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि खायला काहीही देऊ देत, चांगलं झालंय म्हणून कुणी बोलायचं नाही!"

बिचारा जस्टिन हात जोडून काचेला सांगत होता, "जय ख्रिस्त, मी जस्टिन." मग मान वाकडी करून, "जय ख्रिस्त! मी जस्टिन." मग गंभीर आवाजात. मग जरासा हसून. मोनिकानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

आता एवढं कळल्यावर मी गप्प बसणार? आराधनानं केलेले पोहे समोर येताच मी सुरुवात केली.

"काका, पोहे कसे झालेत?"

काकांनी बायकोकडे बघितलं. "आहेत."

"आहेत म्हणजे?"

"म्हणजे... पोहे आहेत."

आणि काकांनी तिसरी बशी पुढे केली! मी आणखी चारदा विचारलं. जस्टिन घामाघूम. आराधना डोळ्यांनी मला भाजत होती. पण मोनिका आणि जस्टिन नंतर अंगणात दहा मिनिटं बोलले. सात वाजता पाहुणे "कळवतो" म्हणून निघाले, तेव्हा मोनिका हळूच म्हणाली, "मुलगा चांगला वाटतोय, दादा."

बाहेर अंधारलं होतं. आत मी ट्यूब लावली आणि आनंदाच्या भरात खिडकीसमोर उभा राहून नकला सुरू केल्या! आधी काकांचं पोट. मग आराधनाची ओढणी पदरासारखी घेऊन पुष्पावतीबाईंचे दोन चेहरे. काचेत मी स्वतःला इतका झकास दिसत होतो की चेहऱ्यातल्या बारीकसारीक चुका सुधारून सगळं पुन्हा केलं. शेवटी, "पोहे आहेत!" मोनिका आणि आराधना हसून जमिनीवर बसल्या.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"परभुदास!" मला हाक मारणारा गोजरबाईंचा आवाज. "आरं बाबा, दिवा तरी मालव! समदी गल्ली बघतीया!"

मोनिकाचं हसू थांबलं. "दादा... तू काचेत स्वतःला बघत होतास. म्हणजे आता आरसा आपल्या बाजूला आहे!"

एकोणीस वर्षांचा धडा मला तेव्हा समजला. जिकडे उजेड जास्त, तिकडे आरसा! मी खिडकी सरकवली. बाहेर गोजरबाई, आठ-दहा माणसं, थांबलेला एक टेम्पो, आणि त्याच्यापुढे पाहुण्यांची गाडी. निघण्याआधी प्रवासाची प्रार्थना करायला ते थांबले होते. 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तर समोर मी!

पुष्पावतीबाई उतरल्या. सरळ घरात आल्या. चेहरा कडक.

"यांचं पोट चुकलं तुमचं," त्या म्हणाल्या. "आत ओढताना ते डोळे मिटतात. तुम्ही उघडे ठेवलेत."

मग त्यांची नजर काचेकडे गेली. "म्हणजे आम्ही आलो तेव्हा तुम्ही..."

"सगळं बघितलं," मोनिकाच पुढे झाली. तिचे कान लाल झाले होते, पण मान वर होती. दारात उभ्या जस्टिनला ती म्हणाली, "तुमचं चौथं 'जय ख्रिस्त' सगळ्यात छान होतं. हसून केलेलं."

जस्टिननं हात जोडले आणि तेच पुन्हा केलं. पुष्पावतीबाईंनी कडक चेहरा दोन सेकंद धरला. मग तो असा फुटला की मागे काकाही पोट धरून हसायला लागले!

लग्न ठरलं. साखरपुड्याला जेवणं झाल्यावर काकांनी शंभर माणसांत मला उभं केलं आणि आग्रहानं नकला करायला लावल्या. मी केल्या. डोळे मिटून पोट ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी वाकून घेतल्या.

मग पुष्पावतीबाई उठल्या. "आता मुलीचा भाऊ," म्हणाल्या, आणि एका हातात बशी घेऊन, मान पुढे काढून, माझ्याच आवाजात एकेका पाहुण्याच्या मागे लागल्या. "कसे झालेत? अं? कसे झालेत?"

टाळ्या माझ्या दुप्पट! आणि सगळ्यात पुढे, खुर्चीवर उभी राहून वाजवणारी बाई कोण, म्हणून वळून बघितलं, तर आमची आराधना.