म्हाकूच्या पोटातला ढोल

वूफर बघायला जायचं असलं की म्हाकू सकाळपासून काही खात नसे. दुकानात शिरल्यावर आधी चपला काढायचा, खिशातली ढोलाची कॅसेट दुकानदाराच्या हातात ठेवायचा आणि वूफरसमोर फरशीवर चक्क पालथा पडायचा. पोट फरशीला टेकलेलं, हनुवटी हातांवर, डोळे मिटलेले. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जायची. शिरूरच्या एका दुकानात एका बाईंनी मला हळूच विचारलं, "यांना पाणी देऊ का?" मी त्याच्या चपला राखत शेजारी उभा होतो. म्हटलं, "नको, ते ऐकताहेत."

थोड्या वेळानं तो उठायचा, शर्ट झटकायचा आणि निकाल द्यायचा, "कानात येतोय. पोटात उतरंना."

पोटात उतरणं हे त्याचं एकमेव माप. भरल्या पोटी ढोल कळत नाही, म्हणून उपास. दुकानदार वॅट सांगायला लागला की म्हाकू त्याला थांबवायचा. "वॅट बल्बाला आसत्यात. ढोलाला खोली आसती. ह्याची खोली किती ते सांगा." खोली सांगू शकणारा दुकानदार आम्हाला शिरूरपासून दौंडपर्यंत भेटला नाही.

म्हाकू आमच्या इनामगावचा, माझा शेजारी. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे वयानं फार लहान नसूनही तो मला 'गुर्जी' म्हणायचा. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी, धुळाआबांनी, ती विकून घोडनदीच्या काठाला थोडी जमीन धरली आणि म्हाकू कारेगावजवळच्या एका कंपनीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर लागला. मेंढरं गेली, पण पारखणारी नजर गेली नाही. वूफर तो मेंढा पारखावा तसा पारखायचा. आधी लांबून बघायचं. मग पाठीवरून हात फिरवायचा. मग दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. शेवटी पुढची जाळी काढून आतला कागद बोटानं दाबायचा, दात बघावेत तसा. "ह्यो जून झालाय. कुणीतरी दामटून आणलाय," असं त्यानं एकदा सांगितलं, तेव्हा दुकानदारानं खाली बघत कबूल केलं की गणपतीच्या दहा दिवसांत तो मेव्हण्याच्या मंडळानं वापरला होता.

पुढे दुकानांत होम थिएटर आलं. एक वूफर आणि त्याच्याभोवती पाच छोटे स्पीकर. म्हाकूनं ते बराच वेळ न्याहाळलं.

"मला मेंढी पायजे. कोकरं तुमची तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"काका, सेट तोडता येत नाही."

"पिल्लं तोडायला मलाबी आवडत न्हाई. पन माझ्या घरात जागा न्हाई."

जागा नव्हती हे खरं होतं, कारण घर प्रयोगांनी भरलं होतं. पहिला वूफर त्यानं शिरूरच्या मेकॅनिककडून जोडून आणला आणि कणगीत ठेवला. मग रांजणात ठेवला. त्याची बायको तानू आमच्या ओट्यावर येऊन बसली. "गुर्जी, तुमी तरी सांगा ह्यास्नी. मांडणीवरची ताटं आपल्या पायानं खाली उतराय लागल्यात. काल जावयासमोर परात चालत आली." मी सांगतो म्हणालो. सांगितलं मात्र काहीच नाही. का, ते पुढे येईल.

मग त्याच्या डोक्यात आलं की खरा ढोल जमिनीतून येतो. त्यानं पुढच्या खोलीत मांडीइतका खोल खड्डा खणून त्यात वूफर ठेवला. इनामगावात जुन्या काळातली वस्ती उकरून काढलेली आहे, त्यामुळे आमच्याकडे कुणी खड्डा खणला की लोक 'काय गावलं' एवढंच विचारतात. निम्मं गाव दारात जमलं. "आजून न्हाई गावलं," म्हाकू मनापासून म्हणाला. झालं. हंडा निघतोय अशी बोलवा उठली. तिसऱ्या दिवशी सरपंच आले, खड्ड्यात वाकून बघितलं, "ह्यो कंच्या काळातला?" असं वूफरकडे बोट करून विचारलं आणि चहा घेऊन गेले.

कंपनीतही तेच. पॅकिंगची सावलीतली, सुखाची जागा मिळत असताना हा प्रेसवरच राहिला. "प्रेस पडती ना गुर्जी, तवा जमीन आबाच्या ढोलावानी हलती. थोडी कमी हलती, पन हलती." जेवणाच्या सुट्टीत तो मशीनशेजारी जमिनीवर तळहात ठेवून बसायचा. बरोबरीचा बिहारी कामगार त्याला म्हणायचा, "म्हाकूभाई, खाना खाओ. मशीन कहीं नहीं जाएगी."

गाव त्याला 'म्हाकू वूफर' म्हणू लागलं. लोक हसले, मीही हसलो. आता माझं वय झालं आहे आणि काही गोष्टी जागच्या जागी ठेवल्या पाहिजेत. म्हाकू वेडा नव्हता. त्याला रानोमाळ हिंडवणारा माणूस मी होतो.

धुळाआबा ढोल वाजवायचे. एका यात्रेत मी खुटबावला त्यांच्याबरोबर गेलो होतो. गावात तेव्हा टेपरेकॉर्डर एकट्या माझ्याकडे होता. भंडारा उधळला जात होता आणि मी पिवळाधमक होऊन त्यांचा ढोल टेप करत होतो. पुढे सहा महिन्यांत आबा गेले. तेराव्याला म्हाकू माझ्याकडे आला. "गुर्जी, ती कॅसेट द्या. आयला ऐकवायची हाय."

मी घरी येऊन कॅसेट लावली, तर तीतून माझाच आवाज आला. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो.' पंधरा ऑगस्टच्या भाषणाची तालीम मी त्याच कॅसेटवर केली होती. घाईघाईनं उलटी करून लावली. त्या बाजूलाही मीच होतो.

तेव्हा सरळ सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मास्तराकडून असं कसं झालं, हे कुणी विचारू नये म्हणून मी दौंडच्या बाजारात गेलो. तिथे यात्रांमधले ढोल स्वतः टेप करून विकणारा एक माणूस बसायचा. त्याच्याकडून एक कॅसेट आणली आणि तिच्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'धुळाआबा, खुटबाव यात्रा'. म्हाकूनं ती कपाळाला लावली. त्यानंतर खरं सांगणं रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. दुकानोदुकानी त्याच्या चपला मी हौसेनं राखल्या नाहीत.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. दौंडहून रिकाम्या हातानं परतताना एस.टी.त तो सहज बोलून गेला.

"आयनं पयल्यांदा कॅसेट ऐकली तवा म्हनली, ह्यात तुझा आबा कुठाय? गुर्जी, आबा थाप मारून हात उचलायचे न्हाईत. दाबून धरायचे. ढोल आतल्या आत बोलायचा. त्यो दाब ह्या बारक्या डबड्यात कसा यायचा? चांगला वूफर घावला की आयला आबा घावंल."

मी गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. त्याला वाटलं, मला गाडी लागली. त्यानं खिशातून आवळकाठी काढून दिली.

शेवटी दौंडच्याच एका दुकानात तो पालथा पडला आणि अर्ध्या मिनिटात उठून बसला. "उतरला." एवढंच म्हणाला. वूफर त्यानं मांडीवर घेऊन आणला. कंडक्टरनं वूफरचंही तिकीट मागितलं, तर म्हणाला, "मांडीवरच्याला कुठं तिकीट आसतं."

रविवारी सकाळी तो जोडला. भिंतीशी त्याची आई बसली होती, तळहात जमिनीवर टेकून. तानूनं ताटं आधीच खाटेवर काढून ठेवली होती. ढोल सुरू झाला आणि पायांखालची जमीन खरोखरच हलली. म्हाकूनं एक हात वूफरवर ठेवला, दुसरा मांडीवर थाप देऊ लागला, आबांसारखी दाबून धरत. दोन-चार थापा झाल्या आणि त्याचा हात थांबला. कॅसेटमधला वाजवणारा प्रत्येक थापेनंतर हात पुरता उचलत होता. आवाज मोकळा, घुमत बाहेर येत होता. इतकी वर्षं जे ऐकू येत नव्हतं, ते आता स्वच्छ ऐकू येत होतं.

म्हाकूनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग आईकडे वळला.

"आय, आला का आबा?"

म्हातारीनं हात जमिनीवरून काढला नाही. तिनं लेकाकडे बघितलं. म्हणाली, "आला. आता दुकानं हिंडू नगंस. येळंवर जेवत जा."

मी म्हणालो, "म्हाकू, त्या कॅसेटचं मला..."

"गुर्जी," तो म्हणाला, "आय ऐकतीय."

म्हातारी होती तोवर रोज संध्याकाळी त्यानं ती कॅसेट लावली. मायलेकरं त्याबद्दल कधी काही बोलली नाहीत. मलाही त्यानं बोलू दिलं नाही. मी विषय काढला की त्याला म्हशींची धार आठवायची.

आईचे दिवस झाल्यावर तो माझ्या ओट्यावर आला. कॅसेट माझ्या हातात ठेवली.

"गुर्जी, चांगला हात हाय ह्या मानसाचा," तो म्हणाला. "त्याच्या घरी कुनीतरी त्याला हुडकत आसंल. तेवढं नेऊन द्या."

मी दौंडला चार-पाचदा जाऊन आलो. तो कॅसेटवाला आता बसत नाही आणि त्याचं गाव कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे लिहितो आहे. दौंडकडच्या कुणाच्या घरात मोकळ्या हाताचा ढोल वाजवणारा होता आणि त्याचा आवाज घरात उरलेला नसेल, तर कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्यावरचं नाव खरं नाही, ते मी लिहिलेलं आहे. वूफर म्हाकूकडे आहे. तो लावून देतो.