आप्पांच्या गाठी

साड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या त्याच मुळी घड्याळाकडे बघत. "पाच मिनिटं आहेत माझ्याकडे, गाडी खाली उभीच आहे," असं दारातच बजावून त्यांनी बसायला जागा शोधली. खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर सुताच्या लडी. उरलं एक स्टूल, तेही मागावर काम करणाऱ्या आप्पांना खेटून. अंगावरची पांढरी लोकरीची शाल सावरत बाई त्यावर कशाबशा टेकल्या.

आप्पा म्हणजे या घरच्या सुनेचे सासरे. मागावरचे जुने उभे धागे संपले, की त्यांची टोकं नव्या धाग्यांना एकेक करून जोडावी लागतात. ते काम चाललं होतं. नजर अधू झाली होती, पण बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला गरगरावं. त्यांनी पाहुणीला साधं 'या'सुद्धा म्हटलं नाही, कारण ती काय बघायला आली होती ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ती आली होती सुनेची साडी बघायला. साडी हातमागाची, आणि तिला खिसा! दुपारची कामं उरकून सुनेने ती एकटीने विणली होती. आप्पांनी त्या साडीला हात लावायला साफ नकार दिला होता. "साडीला खिसा? उद्या चाकं लाव," हे त्यांचं रोजचं. नवऱ्याने तर सांगूनच टाकलं होतं, ही साडी एखाद्या दुकानाने घेतली तर ठीक, नाहीतर माग मोडायचा आणि खोली भाड्याने द्यायची.

"आणतेच हं," म्हणून ती आत पळाली. साडी कपाटात नव्हती.

"आई, साडी कुठंय?"

"नीट ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंनी नीट ठेवलेली वस्तू आजवर कुणाला सापडली नव्हती, खुद्द त्यांनाही नाही. गाद्या उचलल्या, पेट्या उपसल्या. शेवटी मोठ्या बॅगेतल्या धाकट्या बॅगेत साडी निघाली. आता घडी उलगडून खिसा समजावत बसायला वेळ कुठला? सुनेने ती ड्रेसवरूनच भराभरा नेसून घेतली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "राहू द्या, पुन्हा कधीतरी!" आणि पाठोपाठ आप्पांचा, "हलू नका!"

बाहेर बघते तर मालकीणबाई अर्धवट उठलेल्या आणि त्यांच्यामागोमाग अख्खा माग कुरकुरत निघालेला. त्यांच्या शालीच्या काठाला लोंबणारे धागे आप्पांनी एकेक करून मागाला जोडून टाकले होते.

"आप्पा! अहो, ती शाल आहे!"

"असं होय? पांढरं ते सगळं मला सारखंच दिसतं."

सासूबाई कात्री घेऊन धावल्या. "खबरदार!" मालकीणबाई ओरडल्या. "शाल माझ्या सासूबाईंची आहे. न विचारता घालून आलेय!"

सासूबाईंनी कात्री निमूटपणे मागे घेतली.

"सोडवतो की," आप्पा म्हणाले. "पण वेळ लागणार. दोन्ही हातांनी शाल सैल धरून बसा. ताण पडला की गाठ आवळते."

बाई शाल धरून बसल्या आणि त्यांच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. सुनेने तो उचलून त्यांच्या कानाला लावला. ड्रायव्हर होता. बोलणं झाल्यावर तिने फोन सवयीने स्वतःच्या कमरेशी सरकवला. तो पुन्हा वाजला, तिने काढला, कानाला लावला, परत सरकवला. तिसऱ्या वेळी बाईंची नजर तिच्या कमरेवर खिळली.

"हाच का तो खिसा? शिवण दिसत नाही कुठे."

"शिवलेला नाहीच. तेवढ्या जागी कापड दुहेरी विणलंय."

"पण कंबर प्रत्येकीची वेगळी. कुणाचा खिसा पाठीवर जायचा!"

"नाही जात. पदराच्या टोकापासून मोजलाय. कमी-जास्त काय ते निऱ्या सांभाळून घेतात."

बाईंनी तिला वळायला सांगितलं, चालायला लावलं, वाकायला लावलं. घड्याळाकडे काही पुन्हा बघितलं नाही. मग म्हणाल्या, "अशा वीस साड्या द्याल विणून?"

सून बोलायच्या आत सासूबाईंनीच "देऊ की!" म्हणून टाकलं.

आप्पांनी लोंबणारी सगळी टोकं मुठीत धरली आणि एकदाच ओढली. शाल अलगद मोकळी झाली.

"सुटली हो तुमची शाल."

गाडी गेल्यावर सून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आप्पा, सगळ्या सरकगाठी होत्या. टोक ओढलं की सुटणाऱ्या!"

"मग? पाहुणीची शाल खराब करायची?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"लोकर कुठली आणि सूत कुठलं, माझ्या बोटांना कळत नाही होय? बाईचा डोळा घड्याळावर, आणि तुझ्या सासूने साडी नीट ठेवलेली. मी दुसरं काय करणार होतो?"

सुनेला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. "पण तुम्ही तर रोज त्या साडीला नावं ठेवायचात!"

आप्पांनी एक धागा उगाचच ताणून बघितला, मग सासूबाई आसपास नाहीत याची खात्री करून घेतली.

"विसातल्या थोड्या मी विणतो," ते हळूच म्हणाले. "पण तो खिसा कसा केलास ते दाखव. तू बाजारात गेलीस की मी करून बघायचो. मला काही केल्या जमेना."