दोन तासांचं मत

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही आणि भारी शब्द मला येत नाहीत. येतात तेवढ्या साध्या शब्दांत ही हकिकत सांगतो. चुका दिसल्या तर मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जावं. हकिकत एका फरशीवाल्याची आहे, आणि तो माझ्या इतका जवळचा आहे की त्याची बाजू मी जरा जास्तच घेईन. तेही चालवून घ्या.

हा फरशीवाला म्हणजे लाजऱ्यांतला लाजरा. दुकानदाराने भलत्याच रंगाचा डबा दिला तरी 'चालेल' म्हणून घेऊन यायचा आणि संध्याकाळभर त्या डब्याकडे बघत बसायचा. न्हाव्याने 'अजून बारीक करू?' विचारलं की हो म्हणायचा, कारण नाही म्हटलं तर पुढे बोलावं लागतं. पण हाच माणूस कीबोर्डपुढे बसला की त्याला शिंगं फुटायची.

त्याचा खेळ होता 'तटबंदी'. एक गाव वसवायचं, भोवती तट बांधायचा, कोठारं भरायची, आणि समोरच्या खेळाडूने वेढा घातला की आतल्या धान्यावर टिकून राहायचं. नऊ वर्षं तो हा खेळ खेळत होता. लग्नाला पाचच झाली होती, त्यामुळे घरात कुणाचा नंबर पहिला हा प्रश्न बायकोने कधी काढला नाही, आणि त्यानेही निघू दिला नाही.

मग 'तटबंदी'चा दुसरा भाग आला. सोबत कंपनीची सूचनाही आली, की तीन महिन्यांनी पहिला भाग कायमचा बंद. जगभर विखुरलेले चारशे जुने खेळाडू एकमेकांशी तो खेळायचे. ज्यांच्याशी फरशीवाला न अडखळता बोलायचा ती माणसं एवढीच. (टाइप करून, पण बोलायचा.)

एका शनिवारी त्याने दुसरा भाग दोन तास खेळून बघितला. आता कोठारातलं धान्य सडत होतं. तटाकडे दुर्लक्ष केलं की भेगा पडत होत्या. शिपाई कुरकुरत होते. फरशीवाल्याने खेळ बंद केला, आणि चहा उकळेपर्यंत खेळाडूंच्या इंटरनेटवरच्या पानावर चार ओळींचं मत लिहून टाकू, असं ठरवलं. ठरवलं एवढंच खरं. चहा आटून भांडं काळं झालं तेव्हा त्याची चाळिसावी ओळ चालू होती.

'मी हा खेळ दोन तास खेळलो,' त्याने लिहिलं, 'आणि बंद केला. पुन्हा उघडणार नाही. माणूस दिवसभर गुडघ्यांवर बसून काम करतो आणि घरी येतो, तो गहू निवडायला नाही. सडकं धान्य बघायची ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल बघावं. मी पहिला भाग सोडणार नाही. कंपनीला काय करायचं ते करू दे.'

खेळ कॉम्प्युटरवरून काढून टाकायचा मात्र राहून गेला. (सगळा जोर मतात खर्च झाला होता.)

मत गाजलं. चारशेपैकी तीनशे जणांनी त्याखाली अंगठे उमटवले. कंपनीने एक रविवार सोडून पुढच्या रविवारी सकाळी अकराला जुन्या खेळाडूंचं म्हणणं ऐकायचं कबूल केलं, आणि सगळ्यांच्या वतीने कोण बोलणार, याला एकमताने फरशीवाल्याचं नाव निघालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बोलायला निवडलं होतं. शाळेत प्रार्थना म्हणायलासुद्धा मास्तरांनी त्याला कधी उभं केलं नव्हतं.

बायको पोस्टात पत्रं वेगळी करायच्या कामावर होती. तिने हे ऐकलं आणि डबा भरता भरता विचारलं, "तू बोलणार? तोंडाने?"

"बोलणार," तो म्हणाला. आवाज जरा फाटला, पण बोलला.

त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे वॉकर धरून घरातल्या घरात फिरायला सांगितलं होतं. घरात पाठीला बरी अशी एकच खुर्ची, ती कॉम्प्युटरपुढची, म्हणून दिवसा सासूबाई त्याच खोलीत बसायच्या. एका कारखान्याचं स्टोअर त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं होतं. त्यांच्या हाताखालून एक स्क्रू सहीशिवाय बाहेर गेला नव्हता. फरशीवाला त्यांना वचकून असायचा. पण निवड झाल्याच्या रात्री त्याला जोर चढला होता. या घरात दुसऱ्या भागाचं नाव निघणार नाही, असं त्याने जेवताना जाहीर केलं. ज्या खेळात दहा दिवसांत धान्य सडतं तो खेळ नव्हेच.

"बारा," सासूबाई म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

फरशीवाल्याला वाटलं, खऱ्या गव्हाबद्दल बोलतायत. वडीलधाऱ्या माणसाशी गव्हावरून कशाला वाद, म्हणून त्याने पाणी दिलं.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी घात झाला. त्या खेळाडूंच्या पानावर, मत लिहिणारा तो खेळ एकूण किती तास खेळलाय, हे मताशेजारी आपोआप छापून येतं. एकाने सहज खाली लिहिलं, 'साहेब, दोन तासांत बंद केलात म्हणता, आणि शेजारी सत्तेचाळीस तास दिसतायत. सडका गहू आवडला वाटतं.'

फरशीवाल्याने उत्तर ठोकलं, की ज्या कंपनीला कोठार सांभाळता येत नाही तिला घड्याळ कुठून सांभाळता येणार. टाळ्या पडल्या. गुरुवारी आकडा त्रेपन्नवर गेला. टाळ्या थांबल्या. तो जितक्या शपथा घेई तितका आकडा वर चढे. शुक्रवारी सकाळी आकडा सत्तावन्न होता, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या खेळाडूने (त्याला सगळे किल्लेदार म्हणत) सरळ विचारलं, की रविवारपर्यंत याचा खुलासा येणार आहे, की बोलायला दुसरा माणूस बघायचा?

घाबरलेला माणूस सगळ्यात जवळच्या माणसावर संशय घेतो. त्याने बायकोला विचारलं, तू तर नाही ना खेळत? ती सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सहाला परत यायची. तिने फक्त त्याच्याकडे बघितलं, पर्स उचलली आणि त्याचा डबा ओट्यावरच ठेवून निघून गेली. भरलेला नव्हता.

त्या दिवशी कामावरही गिऱ्हाइकाने ऐन वेळी रंग बदलला आणि फरशीवाला दुपारी एकलाच घरी आला. सासूबाई आतल्या पलंगावर झोपल्या होत्या. तो बाल्कनीत गेला आणि थबकला.

इथे एक सांगायला हवं. लोकांच्या घरी आरशासारखी फरशी बसवणाऱ्या या माणसाच्या बाल्कनीत दोन वर्षं नुसतं सिमेंट होतं. बायकोने सांगून सांगून सोडून दिलं होतं. कामावरून उरलेले टाइलचे तुकडे तिथे पोत्यात पडलेले असत. आज ते तुकडे जमिनीवर मांडलेले होते. पांढऱ्यांचा मोठा वेढा, आत निळे, इकडेतिकडे लाल. निळ्यांच्या पाठीवर खडूने आकडे.

फरशीवाल्याच्या धंद्यात, फरशी बसवायच्या आधी ती सुकी मांडून बघतात. तो नवख्यांना नेहमी सांगायचा, आधी सुकी मांडा, मग चिकटवायचं केमिकल कालवा. खडूचा आकडा म्हणजे तुकड्याचं माप, हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हाताऱ्या बाईने दुखऱ्या गुडघ्याने वाकून मुलीच्या बाल्कनीसाठी नक्षी मांडली होती. बायकोचा राग घालवायची हीच वेळ होती.

त्याने शर्ट काढला आणि कामाला लागला. मांडणी तशी नवशिकीच होती. ओळ वाकडी होती, ती दोरी लावून सरळ केली. निळे कसेही विखुरले होते, ते गुण्या लावून काटकोनात आणले. खडू ओल्या फडक्याने पुसला. उजवीकडे तीन तुकड्यांएवढी फट राहिली होती, ती बुजवली. (म्हातारपणी नजर थोडी जाते, त्याने मायेने विचार केला.) साडेतीनला सांधेसुद्धा भरून झाले. इतका जीव ओतून त्याने आजवर काम केलं नव्हतं.

मागे वॉकर वाजला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी फरशी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघितली. मग शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, माझा पूर्वेचा दरवाजा कुठे गेला?"

फरशीवाल्याने आधी दाराकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. मग फरशीकडे. पांढरा तट. निळी कोठारं. लाल शिपाई. हातातलं फडकं आपोआप खाली पडलं.

"आई," तो म्हणाला, "ते सत्तावन्न तास तुमचे?"

"मग काय सहा आठवडे भिंतीकडे बघत बसू? तुम्ही खेळ कॉम्प्युटरवर तसाच ठेवला होता."

त्याने चारशे लोकांत आपली अब्रू कशी गेली ते सांगितलं. परवा बोलायचंय, तेही सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण माफीबिफी मागितली नाही. उलट त्यांनीच त्याची हजेरी घेतली. त्याच्या लाडक्या पहिल्या भागात शंभर वर्षं गहू तसाच राहतो. तो गहू आहे की खडी? साठा म्हटलं की सडणारच. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, एवढं ज्याला कळतं त्याचं काही सडत नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्टोअरकीपरला शहाणं समजून खेळ बनवला, आणि यांनी तो चाळीस ओळींत मोडीत काढला.

"मी खोटं लिहिलं नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "दोन तास खेळलो, दोन तासांचं मत लिहिलं."

"ही फरशी पक्की बसली का हो?"

"लगेच कसं सांगता येईल? चोवीस तास पाय ठेवायचा नाही."

"आणि खेळाबद्दल दोन तासांत सांगता आलं."

तेवढ्यात सासूबाईंनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चार वाजता समोरच्याचा वेढा पडायचा होता, आणि कुठलं कोठार किती दिवसांपूर्वी भरलं ते सगळं निळ्या तुकड्यांवर खडूने लिहिलेलं होतं. आता एकही आकडा उरला नव्हता. एवढ्या दिवसांची मेहनत जाणार होती. त्या पहिल्यांदाच खुर्चीवर म्हाताऱ्या माणसासारख्या बसल्या.

फरशीवाला दारात घुटमळला. मग खाली बघत पुटपुटला, "वरच्या कोपऱ्यातलं नऊ. त्याखालचं पाच. मधलं अकरा होतं. डावीकडच्या कडेचं तीन."

सासूबाईंनी मान वर केली.

"मापं मला पाठ होतात, आई. गिऱ्हाइकाच्या दारात घ्यायची आणि जिन्याखाली बसून फरशी कापायची. रोजचंच आहे."

मग दोघं मिळून बसले. तो आकडे सांगत गेला, त्या अकराचं आधी उपसत गेल्या, मग नऊचं. पूर्वेचा दरवाजा खेळात तरी शाबूत होता, तिथून नवं धान्य आत आलं. सव्वापाचला समोरच्याने वेढा उठवला तेव्हा फरशीवाला असा ओरडला की खालचा शिंपी काय पडलं ते बघायला वर आला. त्या इमारतीत त्याचा आवाज शिंप्याने पहिल्यांदाच ऐकला होता.

सहाला बायको आली. तिने बाल्कनी बघितली, दोघांची तोंडं बघितली, आणि डब्याचा विषय काढला नाही.

दोन दिवस विचार करायला होते. खुलासा सोपा होता: घड्याळ बिघडलंय, असं पुन्हा एकदा ठासून सांगायचं. किल्लेदारालाही तेच हवं होतं. त्याने तसं कळवलंही, की तास कुणाचेही असोत, दोष घड्याळावरच टाका, नाहीतर सगळ्यांचं नुकसान होईल. रविवारी अकराला फरशीवाला इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसला. पडद्यावर कंपनीच्या बाई होत्या, आणि चौकटी चौकटींतून चारशे जण. हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

"मत माझं आहे," तो म्हणाला, "दोन तासांचं. बाकीचे तास माझ्या सासूबाईंचे आहेत. धान्य सडतं ते बरोबरच आहे, ते मी मान्य करतो. कुणाला राग आला तर येऊ दे. पण पहिला भाग बंद करू नका. आमची नऊ वर्षं त्यात आहेत, आणि ती सडलेली नाहीत. बंद केलात तर मी रोज एक पत्र लिहीन. बायको पोस्टात आहे."

मग कंपनीच्या बाईंनी विचारलं, की पहिला भाग आणखी एक वर्ष चालू ठेवतो, पण त्या सासूबाई आत्ता घरात आहेत का?

फरशीवाला बोलला होता पाऊण मिनिट. सासूबाई चाळीस मिनिटं बोलल्या, आणि तो इस्त्रीच्या शर्टात खुर्चीमागे वॉकर धरून उभा राहिला. किल्लेदाराने रागावून त्याचं नाव यादीतून काढलं, आणि एक वर्ष मिळाल्याचं लक्षात आल्यावर परत घातलं. नव्या यादीत मात्र ते 'जावईबापू' असं लागलं. आता सगळे त्याला तेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला, छिन्नी-हातोडी घेऊन बाल्कनीत गेला आणि उजवीकडचे तीन तुकडे काढायला बसला. दरवाजा मोकळा करून द्यायचं त्याने कबूल केलं होतं. लोकांच्या घरी त्याच्या हातचा एखादा तुकडा कधी कधी आपोआप हलायला लागतो. इथे अर्धा तास ठोकून कपचीसुद्धा निघेना.

आतून वॉकर वाजत आला. सासूबाई दारात थांबल्या, घामाघूम झालेल्या जावयाकडे बघितलं, आणि सावकाश एक पाय फरशीवर ठेवून दाबून पाहिला.

"पक्की बसलीय," त्या म्हणाल्या. "आता लिहा मत."