मधुकरचं पोपटी हेल्मेट

आपल्या खालच्या मजल्यावरचा मधुकर स्कूटरवर कायम दोन हेल्मेटं घेऊन फिरतो. काळं डोक्यावर, पोपटी हँडलला अडकवलेलं. मागच्या सीटवर कुणी नसतं. कोथिंबीर आणायला निघाला तरी दोन. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "काकू, कोनी भेटलं रस्त्यात त?"

रेवा, ईशान, संक्रांतीला तुमच्या पतंगांना कन्नी बांधून देणारा मधुकाका तो हाच. तो दारू पितो हे तेव्हा तुम्हांला कुणी सांगितलं नसेल. आता तुम्ही नातवंडं मोठी झालात. त्याने अजूनही सोडलेली नाही, हेही आधीच सांगते. काहीतरी चांगलं होईल या आशेने शेवटपर्यंत वाचू नका.

पोपटी हेल्मेट नलिनीचं, त्याच्या बायकोचं. एका सकाळी तिने ते चपलांच्या स्टँडवर ठेवलं आणि भावाकडे रामटेकला निघाली. माझ्यादेखत मधुकरला म्हणाली, "सोडतो सोडतो हे मले नका सांगू. डॉक्टरनं सांगितलेल्या त्या सभेत जा, चार लोकांत आपल्या तोंडानं म्हना, मी दारुडा आहे. मंग हे घेऊन मले घ्यायले या."

ती सभा दर गुरुवारी संध्याकाळी रामदासपेठेत एका दवाखान्यामागच्या खोलीत भरते. दारू सोडू पाहणारी माणसं गोल करून बसतात. एकेक जण उठून नाव सांगतो आणि 'मी दारुडा आहे' म्हणतो. मग पुढचं बोलतो.

पहिल्या गुरुवारी मधुकरला ती खोली कुठे आहे हे विचारायची लाज वाटली. म्हणून तो दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरच्या रांगेत जाऊन बसला आणि एक दाढ काढून घरी आला. दाढ चांगली होती.

पुढच्या खेपेला त्याने सोबत शोधली. आपला इस्त्रीवाला नामदेव तेव्हा रोज पिऊन कपडे जाळायचा. त्याच्या डोक्यावर पोपटी हेल्मेट चढवून मधुकर त्याला घेऊन गेला. नामदेव रडत रडत सगळं बोलला. मग मधुकर उठला. "मी मधुकर. मी याच्यासंगं आलो." आणि बसला.

नामदेवची सुटली. मग कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या निवृत्त प्राचार्यांना नेलं. "मी मधुकर. मी सरच्या संगं आलो." सरांचीही सुटली. वधूपिते स्थळं हेरतात तसा मधुकर आपल्या प्रताप नगरातले दारुडे हेरू लागला. ज्याच्या त्याच्या डोक्यावर पोपटी हेल्मेट. माणसं शुद्धीवर येत गेली आणि त्यांना घरी सोडून हा बाटली उघडत गेला.

शेवटी नेण्यासारखं कुणी उरलं नाही. तेव्हा तो वर माझ्याकडे आला. "काकू, तुमीच चला न जी."

"मी? मी काय म्हणून?"

"तुमाले काई बोला लागत नाई. नुसतं बसा."

अंबाड्यावर पोपटी हेल्मेट घालून मी गेले. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "आजी, घाबरू नका. या वयातही सुटते." कुणीतरी आल्याचा चहा आणून दिला. एवढं शिक्षण झालंय माझं, पण त्यांचा गैरसमज दूर करायचा सोडून मी तो चहा प्यायले.

मधुकर उठला. "मी मधुकर. मी काकूच्या संगं आलो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला उठावंच लागलं. "मी सुमती. मी याच्यासंगं आले."

मग नामदेव हसला आणि सगळी खोली हसली. मधुकरही हसला, हसताना त्याने डोळे पुसले ते मात्र पुसतच राहिला. घरी पोचल्यावर फाटकाशी म्हणाला, "नाव निघते काकू. पुढचं निघत नाई. ती दाढ गळ्यात अडकल्यावानी होते."

पुढच्या गुरुवारी तो दारात उभा राहिला तर वास येत होता.

"मधुकर, आज नको. तू पिऊन आलायस."

"म्हनूनच चला. बिन पेता हिंमत नाई होत."

स्कूटरची किल्ली मी त्याच्याकडून काढून पर्समध्ये टाकली आणि रिक्षा केली. रिक्षात तो काळं हेल्मेट घालून बसला, पोपटी मांडीवर. खोलीतही त्याने डोक्यावरचं काढलं नाही. काच खाली ओढलेली. त्याची पाळी आली तसा उठला आणि आतल्या आत काहीतरी बोलला.

"मधुकरभाऊ, हेल्मेट काढून बोला न गा," नामदेव म्हणाला. "काई समजलं नाई."

मधुकर बसला. मी अगदी लागून बसले होते, मला समजलं होतं. "मी मधुकर. मी दारुडा आहे. मी कोनाच्या संगं नाई आलो."

रात्री मी नलिनीला फोन करून तो काय म्हणाला ते सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्यायनं आयकलं?"

"नाही. मीच ऐकलं."

"आन् पेऊन होते?"

मी हो म्हणाले.

"मंग नाई झालं, काकू." तिने फोन ठेवला.

मधुकरने त्यानंतर सभेचं नाव काढलेलं नाही. डोळे पिवळे दिसतात. जेवण कमी झालंय. परवा खाली उतरले तर स्कूटरपाशी उकिडवा बसून तो पोपटी हेल्मेटवर कापडी खोळ चढवत होता. उमरेडला त्याची आई मागावर लुगडी विणायची, तिच्या जुन्या लुगड्याची खोळ, स्वतःच्या हाताने शिवलेली. टाके वाकडे होते.

"हे काहून रे?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"उनानं रंग उडते न," तो म्हणाला. "वापरात नाई न ते सध्या."