गोठवलेल्या चेंडूची साक्ष

"यंदाचा विजेतेपदाचा झेंडा मी जिंकून देणार! खेळाडू नुसते निमित्त!" एनॉक स्टेबिन्सनं नाश्त्यालाच बायकोला जाहीर केलं.

एनॉक विलो फोर्क गावच्या बेसबॉल मैदानाचा राखणदार. गवत कापायचं, रेषा आखायच्या आणि पंचांनी मागितला की पेटीतून नवा चेंडू काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम.

"तुम्ही?" हल्डा म्हणाली. "तुम्हाला बॅट कुठल्या टोकानं धरतात तेही ठाऊक नाही!"

"अगं, एक चेंडू परवापासून खाटकाच्या बर्फाच्या पेटीत ठेवलाय! गोठला की त्याची वीट होते. हाणा कितीही, लांब जाईल तर शपथ! आपल्या संघाचे मालक क्रोगनसाहेब, त्यांचाच हुकूम आहे."

"आणि हे तुमच्या पोटात राहील?"

हल्डाची भीती खोटी नव्हती. भजनाच्या तंबूत पाद्रीबाबा सुरात उपदेश आळवू लागले, की एनॉकचे डोळे झरू लागत. ज्याला देवाची करणी दिसली त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, ही तिथली रीत. एनॉक तर बाकावर चढून द्यायचा!

हंगामाचा शेवटचा सामना. जिंकेल त्याचा झेंडा. शेवटच्या डावात विलो फोर्क आपली पाळी संपवून एका धावेनं पुढे, पाहुण्या डनमोर संघाचे तीनपैकी दोन गडी बाद, एकजण तिसऱ्या तळावर, म्हणजे बेसवर. तेवढ्यात चेंडू वाकडा उडाला तो रेषेबाहेर, थेट नदीत! क्रोगनसाहेबांनी एनॉककडे बघून डोळा मारला. एनॉकनं पुढे केलेला नवा चेंडू हातात घेताच पंच टॉलिव्हर शहारले.

"हिवाळा लवकर आला म्हणायचा!"

समोर बॅट घेऊन उभा होता डनमोरचा गस व्हेंडलँड. गुडघे गेलेले, पोट सुटलेलं, हंगामभरात एकही चेंडू कुंपणापार नाही.

"आजोबा, काठी घरी विसरलात का?" लोक ओरडले.

चेंडू आला. गसनं बॅट फिरवली. ठण्ण! लोहाराच्या ऐरणीवर घाव पडावा तसा आवाज! चेंडू चढला, चढतच गेला, कुंपण ओलांडून गिरणीच्या छपरापलीकडे दिसेनासा झाला. एका फटक्यात डनमोरच्या दोन धावा!

"बरा मारला," शेजारचा शेंगा सोलत म्हणाला.

बरा? एनॉकच्या अंगावर सरसरून काटा आला. वीट उडाली होती, वीट! एवढ्या गर्दीत तो चमत्कार कळलेला तो एकटाच! नोकरी, झेंडा, क्रोगनसाहेब, सगळं विसरून तो बाकावर चढला.

"बंधुभगिनींनो! मी साक्ष देतो! तो चेंडू गोठलेला होता! मीच बर्फात ठेवला होता! आणि या माणसानं तो आभाळाला पोचवला! टोप्या काढा!"

निम्म्या लोकांनी खरंच काढल्या.

"खोटं बोलतोय!" क्रोगनसाहेब धावत आले. "चेंडू चांगला उबदार होता!" मग त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "थांबा! चेंडू खोटा, तर फटकाही रद्द! होय पंचसाहेब, दगडासारखा गोठलेला होता! मीच ठेवायला लावला!"

"लबाडी तुमची आणि फायदाही तुम्हालाच?" टॉलिव्हर म्हणाले. "फटका कायम! झेंडा डनमोरचा!"

"स्टेबिन्स, चालता हो! उद्यापासून मैदानात पाय ठेवू नकोस!" क्रोगनसाहेब गरजले.

पण एनॉकला ते ऐकूच गेलं नाही. तो गससमोर उभा होता, त्याचे हात हातात घेऊन, देवदर्शन झाल्यासारखा.

"खरंच गोठलेला होता?" गसनं हळूच विचारलं.

"दगड! अगदी दगड!"

गस मटकन खाली बसला. "अरे देवा! हात कोपरापर्यंत झिणझिणले, तेव्हा मला वाटलं, म्हातारपणानं हात गेले, संपलं आपलं. तळांना फेरी मारून आलो आणि तसंच आमच्या व्यवस्थापकांना सांगून टाकलं, यापुढे खेळणार नाही म्हणून!"

"मग?"

"मग काय! पुढच्या हंगामासाठी लगेच माझ्या जागी दुसरा घेतलासुद्धा. चेहऱ्यावर किती आनंद त्यांच्या!"

"म्हणजे तुझी नोकरी गेली आणि माझीही," गस कण्हत उठला. "चल बाबा, वितळायच्या आत निदान चेंडू तरी शोधू!"